आयसोमेट्रिक की पर्स्पेक्टिव्ह? डिजिटल पेनने घनाकृती काढताना

सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याचा बुरूज मी टॅबलेटवर आयसोमेट्रिक आणि पर्स्पेक्टिव्ह या चित्र काढण्याच्या दोन्ही पद्धतींनी काढून पाहिला. आयसोमेट्रिकमध्ये उभ्या कडा सरळ, लांबी-रुंदीच्या कडा आडव्या रेषेशी ३० अंशांत; समांतर रेषा समांतरच राहतात. तिन्ही अक्षांवर माप थेट घेता येतं, म्हणून चादरीच्या खोक्याचं डिझाइन करायचं तर हीच बरी. ग्रिड (मदतीच्या रेषांची जाळी) लावली की हातही भरकटत नाही. बुरुजाचा गोल माथा मात्र दोन्हीकडे लंबवर्तुळ होतो, तिथे माझा हात तीनदा चुकला (अनडू होतं म्हणून निभावलं!). पर्स्पेक्टिव्हमध्ये कडा क्षितिजावरच्या बिंदूकडे धावतात, लांबचं लहान होतं. माप हरवतं, पण सिद्धेश्वर तलावाकाठून डोळ्याला दिसतो तसा किल्ला यातच उतरतो. नवशिक्याला मी आधी ग्रिडच देईन.