बंद पडलेले पाळणे परत फिरवायचे असतील तर: रोलरकोस्टर टायकून क्लासिक

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. पार्क उभारायचा हा गेम जुना आहे, चित्रं छोटी छोटी आहेत, आजची पोरं बघून नाक मुरडतील, पण मुंबईचं एस्सेलवर्ल्ड पार्क बंद झालं तेव्हा ज्यांना खरंच वाईट वाटलं, किंवा नागपुरात अंबाझरी टी-पॉइंटवरून जाताना बंद पडलेल्या क्रेझी कॅसल पार्कच्या जागेकडे ज्यांची मान अजूनही आपोआप वळते, त्यांनी हा गेम घ्यावाच. मोबाईलवर एकदाच पैसे भरायचे, मग मधेमधे जाहिराती नाहीत की हिरे-नाणी विकत घ्या म्हणून मागे लागणं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीच मी अर्धा स्टार जास्त देऊन राहिलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ गेम १९९९ चा, ख्रिस सॉयर नावाच्या स्कॉटलंडच्या माणसानं जवळजवळ सगळा एकट्यानं लिहिलेला, तोही असेम्ब्लीमध्ये, म्हणजे थेट प्रोसेसरच्या भाषेत, आणि म्हणूनच तेव्हाच्या साध्या कॉम्प्युटरवरसुद्धा पार्कात शेकडो माणसं बिनधास्त फिरायची. चित्रं सायमन फॉस्टरची, संगीत अ‍ॅलिस्टर ब्रिम्बलचं. दुसरा भाग २००२ ला आला. क्लासिक म्हणजे या दोन्हींची बांधलेली मोट, मोबाईलवर डिसेंबर २०१६ मध्ये आली आणि पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर. मोकळी जमीन मिळते, त्यावर रस्ते, पाळणे, कोस्टर, खाण्याच्या टपऱ्या, संडास सगळं आपण उभारायचं, तिकिटाचे भाव आपण लावायचे, माणसं येतात, खूश होतात नाहीतर कुरकुरतात.

आता हा गेम मला एवढा जवळचा काहून वाटते ते सांगतो.

नागपूरकरांसाठी पाळणे म्हणजे आधी मीनाबाजार. रेशीमबाग नाहीतर कस्तुरचंद पार्कचं मैदान, उन्हाळ्यात दिवसा कोणी फिरकायचं नाही, ऊन उतरलं की मग गर्दी. आकाशपाळणा, टोराटोरा, ब्रेक डान्स, कोलंबस, मौत का कुआं. त्यातला कोलंबस मला सगळ्यात जास्त आवडायचा आणि मी त्याच्यात बसण्यापेक्षा खाली उभा राहून बघायचोच जास्त. जहाजाच्या पोटाखाली एक टायर असायचं, मोटरवर गरगर फिरणारं, ऑपरेटर लिव्हर ओढायचा की ते टायर वर उचलून जहाजाच्या बुडाला घासायचं आणि प्रत्येक घासणीला जहाज थोडं थोडं जास्त उंच जायचं, थांबवायचं असलं की तेच टायर उलटं कामाला यायचं. एवढं अवाढव्य जहाज आणि त्याला ढकलणारं एक टायर! रबर तापल्याचा वास यायचा आणि ऑपरेटर एका हातानं लिव्हर, दुसऱ्या हातानं पुढच्या लोकांची तिकिटं गोळा करून राहायचा.

आणि दुसरं म्हणजे एस्सेलवर्ल्ड. १९८९ ला सुरू झालेलं, गोराईला. आमच्या पिढीत टीव्हीवरची ती जाहिरात पाठ नसलेला माणूस शोधून दाखवा. नागपूरहून तिथं जायचं म्हणजे रात्रभर विदर्भ एक्सप्रेस, मग लोकल धरून बोरिवली, मग खाडीतून बोट, आणि त्या बोटीतूनच आमची राइड सुरू व्हायची कारण नागपूरच्या पोराला समुद्राच्या पाण्यातली बोट हीच केवढी मोठी गोष्ट. तिथलं टॉप स्पिन, शॉट अँड ड्रॉप, झिपर डिपर, आणि ते मॉन्स्टर इन द मिस्ट, ज्याच्या आतून रडत बाहेर आलेली मोठी मोठी माणसं मी पाहिली आहेत. २०२२ पासून ते बंद आहे. शेजारचं वॉटर किंगडम १९९८ चं, ते वेगळं, मी पाळण्यांचं बोलून राहिलो.

तर गेममध्ये काय आहे, हे सगळं आहे. नावं वेगळी, पण यंत्रं तीच. कोलंबस म्हणजे स्विंगिंग शिप, किती हेलकावे द्यायचे ते आपण ठरवायचं, वाढवले की मजा वाढते पण मळमळही वाढते आणि मग बाहेर निघालेली माणसं रस्त्यावर ओकतात, सफाईवाला ठेवावा लागतो. टॉप स्पिनला तीन चाली आहेत, साधी, जोरदार आणि पार डोकं फिरलेली. शॉट अँड ड्रॉपसाठी लाँच्ड फ्रीफॉल घ्या आणि त्याला वरून खाली फेकायच्या मोडवर टाका. मॉन्स्टर इन द मिस्टच्या जागी हाँटेड हाउस. नावं बदलता येतात, रंग बदलता येतात, म्हणून मी माझ्या पार्कातल्या जहाजाला लाल-पिवळा रंग देऊन कोलंबस असंच नाव ठेवलं आहे, आणि मेरी-गो-राउंड फिरायला लागलं की जत्रेतल्या बाजाचे सूर वाजतात ते ऐकून अजूनही अंगावर काटा येते.

पण मला खरं जिंकलं ते बिघाडानं. हाओ, बिघाडानं. बाकीच्या गेममध्ये वस्तू बांधली की ती कायमची तशीच राहते, इथं राइड म्हातारी होते. सीटचे दांडे अडकतात, कधी उघडतच नाहीत, कधी बंदच होत नाहीत, गाडी मधेच रुसते, कोस्टरचे ब्रेक जातात. मग मेकॅनिकला फोन, तो आपला हातात पेटी घेऊन पार्कच्या दुसऱ्या टोकावरून चालत येतो, राइडच्या बाहेर पडायच्या दारातून आत शिरतो, ठोकाठोकी करतो. तपासणी किती वेळानं करायची तेही आपल्या हातात, दर १० मिनिटांपासून २ तासांपर्यंत, आणि कोणी हट्टानं "कधीच नाही" वर ठेवलं तर त्याचं फळ मिळतेच. एकदा का अपघात झाला की लोक त्या राइडकडे बघून म्हणतात, ही बरी दिसत नाही बाबा, आणि रांग रिकामी. मीनाबाजारातल्या त्या ऑपरेटर लोकांना, जे दर गावाला नट-बोल्ट खोलून परत आवळायचे, त्यांच्या कामाची किंमत मला या गेमनं समजावली. राइड चालते ती लोखंडावर नाही, रोज सकाळी पाना घेऊन चढणाऱ्या माणसावर चालते.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी एवढं लिहून राहिलो ती. प्रत्येक राइडचं एक मोल गेम आत ठरवून ठेवतो, म्हणजे पब्लिक जास्तीत जास्त किती पैसे देईल ते. चाहत्यांनी गेमचा कोड उकलून ओपनआरसीटी२ नावाचा फुकट प्रकल्प केला आहे, त्यात हे कोष्टक सरळ वाचता येते. राइड नवीकोरी असते तेव्हा पहिले काही महिने मोल दीडपट. मग थोडं कमी, मग जेवढ्यास तेवढं, मग पाऊणपट, मग निम्म्याच्या आसपास, मग खाली खाली जात पार मातीमोल. सगळे जुने खेळाडू काय करतात, राइड जुनी झाली की पाडतात आणि तीच राइड त्याच जागी परत बांधतात, कारण नव्याचे पैसे मिळतात. हिशोबानं बरोबरच आहे. खरे पार्कवाले वेगळं काय करतात? पण त्याच कोष्टकाची शेवटची ओळ बघा. राइडनं २०० महिने ओलांडले की तिचं मोल परत वर चढतं, मूळच्या निम्म्याहून थोडं जास्त. गेमचं वर्ष आठच महिन्यांचं, मार्च ते ऑक्टोबर, म्हणजे २०० महिन्यांची २५ वर्षं झाली. पंचवीस वर्षं तुम्ही ती राइड पाडली नाही, मेकॅनिक पाठवत राहिले, तर लोक तिच्यासाठी परत पैसे द्यायला तयार होतात, ती जुनी आहे म्हणून!

हे कोणीतरी मुद्दाम बसून लिहिलं आहे, त्या असेम्ब्लीच्या आकड्यांत. मला हे कळलं तेव्हापासून मी एकही राइड पाडत नाही.

दिल्लीचं अप्पू घर आठवा. १९८४ ला सुरू झालं, ८२ च्या एशियाडच्या हत्तीच्या नावानं, आणि २००८ मध्ये बंद झालं, म्हणजे तेवीस वर्षं आणि वर काही महिने. लोक येईनासे झाले म्हणून नाही, जागा सुप्रीम कोर्टाच्या विस्ताराला आणि मेट्रोला हवी होती. पार्क शहराबाहेर स्वस्त जागेत उभं राहते, मग शहर तिथपर्यंत पोचते, आणि मग पाळण्याखालची जमीन पाळण्यापेक्षा महाग होऊन बसते. यात कोणाला शिव्या देण्यात अर्थ नाही, पण जमीन महाग झाली म्हणून ती आठवण स्वस्त होत नाही, आणि दिल्लीनं अप्पू घराला पंचवीस वर्षांच्या पुढे जाऊ द्यायला पाहिजे होतं असं मला मनापासून वाटते.

गेममध्ये एक अजून सोय आहे, मिनिएचर रेल्वे, म्हणजे छोटी आगगाडी. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज २०१५ ला बंद झाली, नागभीडची २०१९ ला, दोन्हीकडे ब्रॉडगेज करायला. अडीच फुटी रूळ, डबे एवढे अरुंद की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागायचे. ती काही थीम पार्कची राइड नव्हती, लोकांची रोजची गाडी होती, पण पोरांसाठी तीच राइड होती. मोतीबागेत नॅरोगेजचं म्युझियम आहे, तिथं इंजिनं ठेवली आहेत, टॉयट्रेन आहे, पोरांना घेऊन जरूर जा. मी गेममध्ये डोंगर उचलून, झाडं लावून सौसरकडची चढण बनवली आणि त्यावर वाफेचं इंजिन सोडलं. भाचा शेजारी बसून बघत होता.

"मामा, ही गाडी एवढी हळू काहून जाते?"

"तशीच जायची रे ती."

"मग लोक बसून काहून राहिले त्याच्यात?"

मी त्याला सांगितलं की एखाद्या माणसावर टिचकी मार आणि तो काय विचार करून राहिला ते वाच. त्यानं वाचलं. गाडी छान आहे, एवढ्या पैशात परवडते, असं काहीतरी होतं. मग पोरगं अर्धा तास एकेकाच्या डोक्यात डोकावत बसलं, कोणाला तहान लागली, कोणाला संडास सापडत नाही, कोणी म्हणतो एवढे पैसे मी देणार नाही. पाऊस आला तर छत्रीचा भाव वाढवून बघ म्हटलं, लोक पावसात छत्रीला वाटेल ते देतात, तर त्यानं वाढवला आणि लगेच परत कमी केला, म्हणे बिचारे भिजून राहिले. त्या पोराला मी त्याच दिवशी पूर्ण पार्क सांभाळायला देऊन टाकलं.

उणीवा पण सांगतो. सगळ्यात मोठी म्हणजे राइडमध्ये बसून बघता येत नाही, कॅमेरा कायम वरून तिरपा. पोटात गोळा येणं वगैरे इथं मिळत नाही, त्याच्यासाठी प्लॅनेट कोस्टरसारखे नवीन गेम आहेत, पण त्यांना तगडा कॉम्प्युटर लागतो. हा गेम बसणाऱ्याचा नाही, खाली उभा राहून बघणाऱ्याचा आहे. लहान मोबाईलवर रस्ते टाकणं जिकिरीचं, बोटाखाली चौकोन दिसतच नाही आणि रस्ता भलतीकडे वळतो. भाषा मराठी नाही, हिंदीही नाही, त्यामुळे घरातल्या मोठ्या माणसांना शेजारी बसून सांगावं लागते. मोबाईलवर जादाचे भाग, म्हणजे वॅकी वर्ल्ड्स, टाइम ट्विस्टर आणि टूलकिट, वेगळे विकत घ्यावे लागतात, कॉम्प्युटरवर ते आतच येतात. आणि मीनाबाजाराचा गलका, ते जनरेटरचं धडधडणं, माइकवरचं "आइये आइये", ते कुठून येणार. मौत का कुआं तर नाहीच नाही.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी टॅब असेल तर टॅबवर घ्या, लॅपटॉप असेल तर स्टीम नावाच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेलची वाट बघा, आणि तिथं घेतला तर त्याच फाइलींवर ओपनआरसीटी२ पण चालते, त्यात गती वाढवता येते, पंचवीस वर्षं लवकर जातात. सुरुवात फॉरेस्ट फ्रंटियर्सपासूनच करा, सोपा नकाशा आहे. आधी एक मेरी-गो-राउंड, मग जहाज, दोन मेकॅनिक, तपासणी दर १० मिनिटांवर. कोस्टरची घाई करू नका. आणि नकाशात दिलेली अट पूर्ण झाली तरी पार्क बंद करू नका, चालू राहू द्या, २०० महिने झाले की जहाजाचं तिकीट थोडं वाढवून बघा.

पाचपैकी साडेचार.