सायलेंट कॉम्प्रेसरच्या नावाखाली 14,950 रुपयांचा चुना : एअरब्रश घेणाऱ्यांनी आधी हे वाचा

हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचे 8,900, त्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या एअरब्रशचे 5,400 आणि वर ‘परत मिळणारा ट्रान्झिट इन्शुरन्स’ म्हणून 650. एकूण 14,950 रुपये यूपीआयने गेले. हा आकडा लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते. सांगली-मिरजेत घरच्या घरी शाडूच्या मूर्ती आणि स्केल मॉडेल रंगवणारे खूप आहेत आणि हा विक्रेता त्यांच्याच मोबाइलवर जाहिराती सोडतोय, म्हणून सगळं उघड लिहितोय.

जाहिरातीतले आकडे खोटे वाटावेत असे नव्हतेच. 1/6 एचपीचा ऑइललेस (बिनतेलाचा) पिस्टन, 3 लिटरची टाकी, 3 बार दाबाला चालू आणि 4 बारला बंद होणारा ऑटो स्विच, मिनिटाला 23 लिटर हवा, आवाज 47 डेसिबल. या जातीच्या कॉम्प्रेसरचे खरे आकडे साधारण हेच असतात. बिनटाकीचा स्वस्त पंप घेतला तर हवा धक्क्याधक्क्याने येते आणि बारीक रेघ थरथरते, म्हणून टाकी हवीच. फ्लॅटमध्ये रात्री काम करायचं तर आवाजही कमी हवा. म्हणजे मागणी रास्त होती, माहिती बरोबर होती. लबाडी वस्तूत होती.

खरी मेख त्याने पाठवलेल्या व्हिडिओत होती आणि ती आता रोज डोळ्यांसमोर येते. तो सलग मिनिटभर कागदावर स्प्रे मारतोय आणि मोटार एकदाही चालू होत नाही. आता हिशेब करा. 3 लिटरची टाकी 4 बारवरून 3 बारवर आली की त्यातून मोकळी (बाहेरच्या साध्या दाबाची) हवा निघते फक्त 3 लिटर. 0.3 मिमी तोंडाचा ब्रश मिनिटाला 12 लिटर हवा खात असेल तर ती पंधरा सेकंदांत संपते आणि मोटारीला सुरू व्हावंच लागतं. मिनिटभर मोटार गप्प, म्हणजे ब्रशला हवा दुसरीकडून येत होती. कॅमेऱ्याबाहेर कुठेतरी मोठा कॉम्प्रेसर होता. पण ‘आवाजच येत नाही’ हीच तर जाहिरात होती! शांत व्हिडिओ पाहून कुणाला संशय येणार? वर त्याने गाणंही लावलेलं.

आलेल्या मशीनच्या नेमप्लेटवर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असा चकचकीत स्टिकर होता. प्लग लावताच मोटार घुमली, जळका वास आला, बंद पडली. कुपवाड एमआयडीसीतल्या रिवाइंडिंगवाल्याने उघडलं तर वाइंडिंग काळं ठिक्कर. स्टिकरचा कोपरा नखाने उचलला तर खाली मूळ प्लेट: 110 व्होल्ट, 60 हर्ट्झ. परदेशी व्होल्टेजची मोटार आपल्या घरच्या लाइनवर लावली तर ती जळणारच. विक्रेत्याचं उत्तर: “तुमच्याकडे व्होल्टेज जास्त येत असेल.” प्लग लावायच्या आधी स्टिकरवरून नख फिरवा, पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ ठेवा.

ब्रशचीही तीच गत. खोक्यावर नाव इवाता या जपानी कंपनीच्या एक्लिप्स मॉडेलचं, 0.35 मिमी. त्या मॉडेलचं नोझल, म्हणजे रंग बाहेर पडायचं तोंड, नुसतं आत बसतं, त्याला आटे नसतात. इथे चिमुकल्या पान्याने फिरवायचं आट्यांचं नोझल निघालं. कपच्या कडेला क्रोम सुटून खालचं पितळ दिसत होतं. दुसऱ्या कॉम्प्रेसरवर लावून कपात पाणी घातलं तर बुडबुडे येऊ लागले, म्हणजे नोझलचं सील गळतंय आणि हवा उलटी रंगात शिरतेय. आतले ओ-रिंग साध्या रबराचे, लॅकर थिनर लागला की फुगतात, टेफ्लॉनचे हवेत. सुईचं टोक नखावरून हलकं ओढा, अडकलं तर वाकलेलं आहे. वाकलेल्या सुईने रंग एका बाजूला फेकला जातो आणि माणूस उगाच रंग पातळ करत बसतो.

किंमत कमी कशी, असं विचारलं होतं. ‘ओपन बॉक्स पीस आहे’, म्हणजे खोकं उघडलेला पण न वापरलेला, असं म्हणाला, बिलही पाठवलं. त्या बिलावरचा जीएसटी नंबर 27 ने सुरू होतो, महाराष्ट्राचा वाटतो, पण अक्षरं 14. खरा नंबर 15 अक्षरांचा असतो. पैसे देण्याआधी तो जीएसटी पोर्टलवर टाकून बघा, नाव निघालं नाही तर विषय संपला.

आणि आता यंत्रणा. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “पार्सल आलं ना? मग फसवणूक कसली?” स्टिकर दाखवला, खालची प्लेट दाखवली, साहेबांनी मशीन टेबलावरून बाजूला सरकवलं आणि ‘हा दिवाणी मामला, ग्राहक मंचात जा’ म्हणून मोकळे. अर्जाची पोच मागितली तर तीही द्यायला तयार नाहीत. बँकेच्या शाखेत सांगितलं, तुम्हीच पिन टाकलाय, आम्ही काय करणार? ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवायला पोलिसांचं पत्र हवं. पोलीस म्हणतात बँक बघेल. दोघांच्या मध्ये माणूस टोलवला जातो आणि तेवढ्या वेळात पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. खोटा स्टिकर लावून जळणारी वस्तू विकणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खालची फसवणूक नाही तर काय आहे? उद्या कुणाच्या घरी आग लागली म्हणजे मग तो मामला फौजदारी होणार का?

त्यामुळे क्रम लक्षात ठेवा. लक्षात येताच आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, ठाण्यात नंतर. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता कुठलाही असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. ‘विक्रेत्याच्या गावी जा’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत 2 वर्षं.

घ्यायचंच असेल तर दुकानात उभं राहून टाकी रिकामी करून चालू करायला लावा. 3 लिटरची टाकी 4 बारपर्यंत भरायला 12 लिटर हवा लागते. मिनिटाला 23 लिटरचा पंप कागदावर अर्ध्या मिनिटात, दाब वाढल्यावर प्रत्यक्षात मिनिटभरात भरतो. तीन मिनिटं घेत असेल तर पिस्टन झिजलेला आहे. डेसिबल किती अंतरावरून मोजले ते विचारा. अंतर न सांगितलेला आकडा फुकट आहे. दाब ठरवणारा रेग्युलेटर 20 पीएसआयवर (साधारण 1.4 बार) लावून ट्रिगर दाबल्यावर काटा किती पडतो ते बघा. हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप आणि टाकीखालचा ड्रेन व्हॉल्व आहे का ते वाकून पाहा, आपल्याकडच्या पावसाळी हवेत टाकीत पाणी साठतं आणि थेट मूर्तीवर उडतं. पैसे क्रेडिट कार्डाने द्या म्हणजे चार्जबॅक (बँकेमार्फत पैसे परत) मागता येतो. आणि ‘परत मिळणारा इन्शुरन्स’ हा शब्द ऐकला की फोन ठेवून द्या.

तोच व्हिडिओ आता दुसऱ्या नावाच्या पेजवर 8,200 ला फिरतोय. गाणं बदललंय, मोटार अजूनही मिनिटभर गप्प आहे.