हिरवं गाईड, सेटचा पेपर आणि लिंबाखालची उत्तरं

या गाईडाची छापील किंमत ६९५ रुपये. पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकात वीस टक्के सूट मागितली, दुकानदाराने हूं की चूं न करता दिली. म्हणजे मी पंचवीस मागायला हवी होती. ५५६ रुपयांना पडलं.

नाव मुद्दाम लिहीत नाही. नेट-सेट म्हणजे कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या पात्रता परीक्षा. त्यांची इंग्रजीची असली चार-पाच गाईडं बाजारात आहेत आणि ती एकमेकांची सख्खी भावंडं आहेत. एकातली चूक दुसऱ्यात जशीच्या तशी सापडते, फक्त कव्हरचा रंग बदलतो. माझ्याकडचं हिरवं, जाडजूड. वर शेक्सपिअरचा तोच तो चेहरा आणि पिसाची लेखणी. खाली नेट, सेट, जेआरएफ, पेट असं सगळं एका ओळीत. बालवाडी प्रवेश तेवढा राहिलाय.

मी बार्शीची, कॉलेजात इंग्रजीची सीएचबीवाली, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारी. सेटची ही माझी तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही वेळा एमएच्या वह्या घेऊन बसले आणि प्रत्येक वेळी कीट्समध्येच अडकले. यंदा ठरवलं, एकच पुस्तक घ्यायचं पण अथपासून इतिपर्यंत. त्यामुळे हे परीक्षण चाळून लिहिलेलं नाही. ओट्यावर, एसटीत, दोन तासिकांच्या मधल्या वेळात, फाटेपर्यंत वापरून आणि मग पेपर देऊन लिहिलेलं आहे. फाटेपर्यंत हे शब्दशः घ्या. जानेवारीतच व्हिक्टोरियन कालखंड सुटा होऊन हातात आला. बाइंडिंग नुसतं डिंकाचं आहे, शिलाई नाही. झेरॉक्सवाल्याकडून चाळीस रुपयांत पिना मारून घेतल्या, तेव्हापासून ते पूर्ण उघडतच नाही. मधली ओळ वाचायला मान वाकडी करावी लागते.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं आहे. शेवटी तीस पानांचा कालपट आहे, चॉसरपासून थेट आपल्या काळापर्यंत. डावीकडे राजा किंवा राणी, मध्ये घडामोड, उजवीकडे पुस्तकं. हा भाग ज्याने कोणी केलाय त्याने कधीतरी वर्गात खडू धरलेला असणार. त्यातली पाच पानं मी फ्रिजवर चिकटवली होती. दुसरीतली मुलगी पाण्याची बाटली काढता काढता म्हणायला लागली, "सोळाशे बेचाळीस नाटकं बंद, सोळाशे साठ नाटकं चालू." तिला क्रॉमवेल कोण ते माहीत नाही, पण इंग्लंडातली नाटकगृहं अठरा वर्षं बंद होती हे तिला पक्कं ठाऊक आहे. नाटक आणि कविता हे दोन विभागही नेटके आहेत. जेकोबियन नाटककारांची गर्दी तर इतकी सुटसुटीत मांडलीय की वेबस्टर आणि मिडल्टन यांच्यात माझा जो जन्माचा घोळ होता तो मिटला.

आता पुढचं. अभ्यासक्रमात दहा घटक आहेत. सेटला नेटचाच अभ्यासक्रम असतो. पहिले चार म्हणजे नाटक, कविता, कथा-कादंबरी आणि वैचारिक गद्य. मग भाषा आणि तिचं अध्यापन, भारतातली इंग्रजी, कल्चरल स्टडीज, समीक्षा, दुसऱ्या महायुद्धानंतरचे सिद्धान्त आणि शेवटी संशोधनपद्धती. गाईडने पहिल्या चौघांना पाचशे वीस पानं दिलीत आणि उरलेल्या सहांना दोनशे वीस. 'भारतातली इंग्रजी' अठरा पानांत उरकलीय. त्यात इंग्रजी शिक्षणावरचं मेकॉलेचं १८३५चं टिपण, १८५४चा वुडचा खलिता, १८५७ची तीन विद्यापीठं एवढं आहे, सालं बरोबर आहेत, पण एकाचा दुसऱ्याशी काय संबंध ते कुठेच नाही. संशोधनपद्धती अकरा पानं. पेपर काढणारे या सहा घटकांना सावत्र मानत नाहीत, हे मला परीक्षेच्या हॉलमध्ये कळलं.

सराव चाचण्या दहा आहेत आणि त्याच गाईडची सगळ्यात कमकुवत बाजू. एक तर प्रश्न सगळे 'अमुक कोणी लिहिलं' छापाचे. दुसरं म्हणजे सहाव्या चाचणीत ४१व्या प्रश्नापासून उत्तरसूची एका घराने खाली सरकलेली आहे. ४१चं उत्तर ४२समोर, ४२चं ४३समोर. मला शंभरात अडतीस पडले तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. नवरा म्हणाला, "झोप आता, डोकं चालत नसेल." डोकं चालत होतं हो, छापखाना चालत नव्हता. दुसऱ्या दिवशी उत्तरं एकेक घर वर सरकवून पाहिली तर एकाहत्तर.

परीक्षा रविवारी, केंद्र सोलापूर. वैरागमार्गे पहाटेची एसटी, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी. पहिला पेपर पन्नास प्रश्नांचा, सगळ्या विषयांना सारखाच, त्याचा या गाईडशी काही संबंध नाही, सोडून देते. दुसरा आपला, शंभर प्रश्न, दोन तास. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल मोकळा ठेवायचा नाही. सेटची मला आवडणारी गोष्ट ही की प्रश्नपुस्तिका आणि उत्तरपत्रिकेची प्रत घरी नेता येते. म्हणजे बाहेर आल्यावर नुसत्या आठवणींवर भांडावं लागत नाही, पुरावा हातात असतो.

गेटच्या बाहेर एक लिंबाचं झाड, त्याखाली चहाची गाडी. बाकी कुठे सावलीच नव्हती, त्यामुळे इंग्रजीवाले आपोआप तिथे जमले. आम्ही सात जण. सेटच्या केंद्रावर एक मजा असते, तिथे विद्यार्थी कोणीच नसतं. सगळे एकमेकांना सर आणि मॅडम. "सर, तुमचं बेचाळीसचं काय आलं?" "मॅडम, मी तर बी केलंय." सातातले पाच सीएचबी, एक शाळेवर, एक नुकताच एमए झालेला लातूरचा पोरगा. त्यालाही आम्ही सरच म्हणत होतो आणि तो दर वेळी मागे वळून बघायचा.

प्रश्न शब्दशः देत नाही, धाटणी सांगते. एकात क्रम लावायचा होता आणि वर्ड्सवर्थ-कोलरिजच्या 'लिरिकल बॅलड्स' या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेचं साल पक्कं नसेल तर तो लागत नव्हता. संग्रह १७९८चा. प्रस्तावना मात्र दुसऱ्या आवृत्तीत आली, १८०० साली. पहिल्या आवृत्तीला नुसतं छोटं निवेदन होतं. हिरव्या गाईडात काय आहे? पान २११, चौकटीत, ठळक अक्षरात: प्रस्तावना, १७९८.

लिंबाखाली पाच जणांचं उत्तर सारखं आलं. सगळ्यांना आनंद झाला. अक्कलकोटच्या मॅडम म्हणाल्या, "चला, पाच जणांचं एकच आलंय म्हणजे बरोबर असणार." तेवढ्यात लातूरचे सर हळूच म्हणाले, "माझं वेगळंय. मी अठराशे धरलं." आम्ही पाचही जणांनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. मग शाळेवरच्या सरांनी मोबाईलवर शोधलं आणि गाडीभोवती एकदम शांतता. चहावाल्यानेही वर बघितलं.

"मॅडम, तुमच्याकडे हिरवं आहे का?" मी विचारलं. होतं. दुसऱ्याकडे निळं, त्यातही तेच. पाचांपैकी पाच जणांकडे याच घराण्यातलं कुठलं तरी गाईड. आमचं उत्तर जुळलं ते आम्हाला येत होतं म्हणून नव्हे, तर आम्ही एकाच विहिरीचं पाणी प्यायलो होतो म्हणून. लातूरच्या सरांकडे गाईडच नव्हतं. "परवडलं नाही मॅडम, लायब्ररीतलं मूळ पुस्तकच वाचलं," असं तो अगदी ओशाळून म्हणाला.

मला जास्त लागलं ते वेगळंच. घरी येऊन एमएची वही काढली. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत लिहिलंय: प्रीफेस १८००, खाली दोन रेघा. मला हे दहा वर्षांपूर्वी येत होतं. ५५६ रुपये देऊन मी ते विसरले.

दुसरा वाद कल्चरल स्टडीजचा, म्हणजे संस्कृतीच्या अभ्यासाचा झाला. हॉगर्टचं 'द यूजेस ऑफ लिटरसी' १९५७, विल्यम्सचं 'कल्चर अँड सोसायटी' १९५८, थॉम्पसनचं 'द मेकिंग ऑफ द इंग्लिश वर्किंग क्लास' १९६३ आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातलं या विषयाचं केंद्र १९६४. गाईडात यातलं प्रत्येक साल बरोबर आहे, पण ती चार वेगवेगळ्या पानांवर आहेत, चौथं तर तळटिपेत. पेपरला ती एकत्र लागतात. आमच्या सात जणांत तीन वेगवेगळे क्रम निघाले. या गाईडची मूळ खोट हीच आहे. ते सुटी नाणी देतं आणि पेपर हिशेब विचारतो.

संशोधनपद्धतीत तर वेळ थांबलेली आहे. एमएलए म्हणजे संदर्भ कसे द्यायचे ते सांगणारी नियमावली, तिची नववी आवृत्ती २०२१ला आली. गाईडाच्या कव्हरवर 'नवीन सुधारित' असं लिहिलंय आणि आत संदर्भ देताना शेवटी 'प्रिंट' लिहा म्हणून सांगितलंय. ती पद्धत सातव्या आवृत्तीतली, २०१६च्या आठव्यापासूनच गेली. सुधारित काय केलं असेल तर ती किंमत.

आणि जेजुरी. हे लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही. अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' १९७६चं, दुसऱ्या वर्षी राष्ट्रकुल कविता पुरस्कार, हे बरोबर. पण गाईड पुढे म्हणतं की जेजुरी हे महाराष्ट्रातलं एक थंड हवेचं ठिकाण आहे आणि कवी तिथल्या निसर्गात रमतो. खंडोबा आमचं कुलदैवत. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "मग मी दर वर्षी अनवाणी तापल्या पायऱ्यांवर नाचत चढते ती काय हौस म्हणून?" या प्रकाशकाने एकदा तरी एखाद्या मराठी माणसाला मुद्रित दाखवायला हवं होतं. तेंडुलकरांच्या 'घाशीराम'चं स्पेलिंगही तीन पानांवर तीन तऱ्हेचं आहे, पण तिथे मी हात टेकले.

चुका कळवायला मागच्या पानावर ईमेल दिलाय. मी सतरा चुकांची यादी पानक्रमांकांसह पाठवली. उत्तर आलं: आमच्या नव्या पुस्तकावर तुम्हाला तीस टक्के सूट.

घ्यावं का? पहिल्यांदा बसत असाल आणि एमए होऊन बराच काळ लोटला असेल, तर कालपटासाठी घ्या. नवं घेऊ नका, अप्पा बळवंतला जुन्याची चौकशी करा किंवा कोणाकडून तेवढी तीस पानं झेरॉक्स करून घ्या. भाषा, भारतातली इंग्रजी आणि संशोधनपद्धती यांसाठी वेगळं काहीतरी लागेलच. चाचण्या सोडवायच्याच असतील तर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवा, त्यांना मान वाकडी करावी लागत नाही. आणि एमएच्या वह्या रद्दीत घालू नका. पाचपैकी मी दोन तारे देते, त्यातला दीड कालपटाचा.

माझा निकाल अजून लागायचाय. दोन्ही पेपर देणाऱ्यांतले साधारण सहा टक्के पास करतात, तेव्हा सात जणांत अर्धा माणूसही होत नाही. लिंबाखालच्या लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप झालाय. अक्कलकोटच्या मॅडमनी त्याचं नाव '१८००' ठेवलंय. लातूरच्या सरांनी काल त्यावर विचारलं, तुमचं गाईड थोडे दिवस वाचायला मिळेल का. मी देते म्हणाले, सतरा ठिकाणी लाल पेन फिरवून झालं की. सध्या पान ४०३वर आहे, अजून खूप बाकी आहे.