रात्रभराच्या नाटकाचे वीस तुकडे: नुसते जोडायचे की पुन्हा एन्कोड करायचे?

दिवाळी झाली की आमच्याकडे, पूर्व विदर्भात, गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. वडसा-ब्रह्मपुरीकडे शूटिंगच्या ऑर्डरी घेणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पत्रिकेत दहाची वेळ असते, पडदा अकराला उघडतो आणि पडतो तो कोंबडा आरवायच्या सुमाराला. पाच तासांचं रेकॉर्डिंग. माझा हँडीकॅम एव्हीसीएचडी या प्रकारात सेकंदाला १७ मेगाबिटने लिहितो, म्हणजे तासाला साडेसात जीबीच्या वर, आणि दर २ जीबीला नवी फाईल पाडतो. सकाळी कार्ड काढलं की १९-२० एमटीएस (कॅमेऱ्याच्या व्हिडिओ) फाईली समोर. मंडळवाल्यांना मात्र एकच पाहिजे. "भाऊ, एकडाव लावली का शेवटवरी चालली पाह्यजे."

याला रस्ते दोनच. एक, सगळे तुकडे एडिटरच्या टाईमलाईनवर ओळीने ठेवायचे आणि नव्याने एन्कोड करून, म्हणजे चित्र-आवाज पुन्हा दाबून लिहून, एक एमपीफोर फाईल काढायची. दुसरा, आतल्या चित्राला-आवाजाला हात न लावता तुकडे नुसते एकामागे एक शिवायचे. हँडब्रेक हे एन्कोड करणारं सॉफ्टवेअर मी यात धरत नाही. त्याला फाईली रांगेत देता येतात खऱ्या, पण तो प्रत्येकीची वेगळी फाईल काढून हातात देतो. नवीन पोरं इथेच फसतात.

पहिले तीन हंगाम मी शॉटकट या एडिटरवर, म्हणजे पहिल्या रस्त्याने, काढले, आणि त्याला नावं ठेवायला माझ्याकडे फारसं काही नाही. सुरुवातीला नाटकाचं नाव टाकता येतं, काळोखातला प्रवेश थोडा उजळता येतो, मधली लाऊडस्पीकरवरची "एमएच ३४ वाल्यानं गाडी काढा" कापता येते. फाईलही लहान होते. ६ मेगाबिटवर काढलं तर ३८ जीबीचं नाटक साडेतेरावर येतं, आणि टीव्हीवर बघणाऱ्याला फरक कळत नाही. निदान माझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणी बोललं नाही.

बिनसलं ते लाईनवरून, म्हणजे विजेवरून. एका हंगामात तीन नाटकं एकदम अंगावर होती. माझ्या जुन्या आय-थ्री कॉम्प्युटरला पाच तासांचं नाटक एन्कोड करायला सात-साडेसात तास लागतात, म्हणून जेवण करून एक्सपोर्ट लावला आणि झोपलो. पहाटे जाग आली ती यूपीएसच्या टीं-टींने. स्क्रीनवर ८६ टक्के. थंडीत अंगावर चादर घेऊन मी त्या आकड्यासमोर बसलो, जणू माझ्या बसण्याने तो पुढे सरकणार होता. ८७ झाले आणि यूपीएसही बसला. गावाची डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडाली होती, लाईन आली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. फोल्डरमध्ये फाईल होती, ११ जीबीच्या वरची, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. एमपीफोरमध्ये कोणती फ्रेम कुठे ठेवली आहे याची यादी सहसा सगळं लिहून झाल्यावर शेवटी लिहिली जाते. यादी नाही तर ११ जीबी म्हणजे नुसती तणस. पुन्हा पहिल्यापासून सात तास. त्या हंगामात असं तीनदा झालं आणि तिसऱ्या खेपेला मंडळाचा माणूस दुकानाच्या पायरीवर येऊन बसला होता.

तेव्हापासून मी दुसऱ्या रस्त्याला, ॲव्हिडेमक्स या तुकडे जोडणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. पहिली एमटीएस उघडली की पुढच्या नंबरच्याही घेऊ का, असं तोच विचारतो. चित्र आणि आवाज दोन्ही 'कॉपी'वर ठेवायचे आणि सेव्ह. माझ्या मशीनवर वीस-पंचवीस मिनिटं लागतात, कारण प्रोसेसरला काही कामच नसतं, डिस्कच काय ती घासते. मध्ये लाईन गेली तर वीसच मिनिटं गेली. बाहेर फाईल मी एमपीफोरऐवजी एमकेव्ही या प्रकारची काढतो, ती अर्धवट राहिली तरी तेवढा भाग बहुधा चालतो.

दुसरा फायदा नंतर कळला. एडिटरमध्ये तुकडे वेगवेगळे टाकले की प्रत्येक जोडावर आवाज किंचित अडखळायचा, आणि तो जोड नेमका लावणीच्या मध्ये यायचा. कॅमेरा वाहत्या धारेवर मध्येच सुरी मारतो, त्याला गाणं काय कळतं? न थांबता घेतलेल्या एमटीएस फाईली विंडोजच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) 'कॉपी' आदेशाला स्लॅश-बी लावून बाईटला बाईट जोडल्या तर ती धार पुन्हा सलग होते. हे एमपीफोरवर करू नका, तिथे प्रत्येक फाईलची यादी वेगळी असते. आणि मध्यंतरात कॅमेरा बंद केला असेल तर दोन भाग ॲव्हिडेमक्सनेच जोडावेत, नाहीतर प्लेअर भलतीच वेळ दाखवतो.

आता खरं ते सांगतो. तुमच्याकडे दोन वेगळे कॅमेरे असतील, किंवा वरातीतल्या मोबाईलच्या क्लिपा लग्नाच्या शूटिंगमध्ये घालायच्या असतील, तर नुसतं शिवणं जमणार नाही. रिझोल्यूशन, कोडेक (चित्र दाबायची पद्धत), फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) सगळं सारखं लागतं. मोबाईल तर फ्रेमरेट कमी-जास्त करतो, जबरदस्तीने जोडलं तर अर्ध्या तासाने नवरदेवाचे ओठ आधी हलतात आणि उखाणा मागून येतो. तिथे एन्कोडला पर्याय नाही. इन्व्हर्टर चांगला असेल किंवा लॅपटॉपवर काम असेल तर माझं रडगाणं तुम्हाला लागूही नसेल. तरी एक करा: एक्सपोर्ट एमकेव्हीत घ्या, झाल्यावर ॲव्हिडेमक्सने कॉपी करून एमपीफोर बनवा.

पेनड्राईव्हची कटकट दोन्हीकडे आहे. फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राईव्ह ४ जीबीच्या वरची फाईल घेत नाही. शिवलेलं नाटक सोडा, ६ मेगाबिटवालंही दीड तासाच्या पुढे बसत नाही. मी तो एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट करून देतो. ज्यांच्या जुन्या टीव्हीला ते चालत नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी दुपारी, लाईन नक्की असते तेव्हा, एन्कोड लावतो आणि अंकाअंकाच्या वेगळ्या फाईली देतो. असे गिऱ्हाईक हंगामात दोन-तीनच निघतात.