गावाच्या पाणलोटाचा नकाशा: टोपोशीट, उपग्रह, मोबाइल ॲप की ड्रोन?

पाणलोट विकासाचा आराखडा करायला बसलेल्या ग्रामपंचायतीसमोर किंवा छोट्या संस्थेसमोर आज चार पर्याय येतात: भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट (जमिनीचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा), उपग्रहांकडून मिळणारी मोफत माहिती, मोबाइलवरचे नियोजनाचे ॲप आणि ड्रोनचे सर्वेक्षण. पुढील तुलना करताना दख्खनच्या पठारावरचे, हजारेक हेक्टर शिवाराचे आणि मर्यादित निधीचे गाव गृहीत धरले आहे. कोकणातल्या जांभ्याला किंवा पूर्व विदर्भाला ती जशीच्या तशी लागू पडणार नाही.

टोपोशीटचा विषय लवकर संपतो. १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर २ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि समोच्च रेषांमधला (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमधला) उंचीचा फरक सहसा २० मीटर असतो. पाणलोटाची ढोबळ हद्द, ओढ्यांची नावे आणि जुन्या वाटा यांसाठी ती आजही उपयोगी आहे आणि २०१७ पासून ती पीडीएफ स्वरूपात मोफत मिळते. मात्र पंधरा मीटर उंचीचे टेकाड दोन रेषांच्या मध्ये सहज गडप होऊ शकते, त्यामुळे कामांच्या जागा तिच्यावरून ठरवू नयेत.

उपग्रहांच्या उंचीच्या माहितीत तीन संच सर्रास वापरले जातात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने टिपलेला एसआरटीएम, २००५ साली सोडलेल्या कार्टोसॅट-१ च्या जोडचित्रांवरून तयार केलेला आणि इस्रोच्या ‘भुवन’वर मिळणारा कार्टोडेम, आणि २०११ ते २०१५ मधल्या रडार मोजणीवर आधारलेला कोपर्निकस हा युरोपीय संच. तिन्हींचा मोफत संच सुमारे ३० मीटरच्या चौकटींचा आहे, म्हणजे एका चौकटीत ९०० चौरस मीटर किंवा जवळजवळ नऊ गुंठे मावतात आणि त्या नऊ गुंठ्यांना मिळून उंचीचा एकच आकडा असतो. तिन्हींत निवड करायची झाल्यास त्यातल्या त्यात अलीकडच्या कोपर्निकसला पहिली पसंती द्यावी, कारण २००० नंतर पठारावरच्या कितीतरी जमिनींचे सपाटीकरण झाले आहे आणि ओढे खोल-रुंद केले गेले आहेत.

नऊ गुंठ्यांची चौकट काही कामांसाठी पुरून उरते. समजा, एका ओढ्यावर माती नाला बांध घालायचा आहे आणि त्याच्या वरचे पाणलोट क्षेत्र ४० हेक्टर आहे. एका हेक्टरवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, म्हणून ५० मिलिमीटरच्या पावसात त्या क्षेत्रावर २०,००० घनमीटर पाणी पडते. त्यातले २० टक्के वाहून येते असे धरले, तर बांधापाशी ४,००० घनमीटर पाणी पोहोचते. चाळीस हेक्टरांत चारशेहून अधिक चौकटी येतात, त्यामुळे कडेच्या पाच-दहा चौकटी चुकल्या तरी हिशेब बिघडत नाही. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर शिकलेला तरुण गावातल्या सगळ्या ओढ्यांची अशी क्षेत्रे एका दुपारी काढू शकतो. फक्त खोऱ्याच्या सपाट तळाशी संगणकाने आखलेला ओढा प्रत्यक्ष ओढ्यापासून बराच भरकटतो आणि सह्याद्रीच्या दाट झाडीत यंत्राला जमिनीऐवजी झाडांचे शेंडे दिसतात, एवढे ध्यानात ठेवावे.

चरांच्या बाबतीत मात्र हीच माहिती निरुपयोगी ठरते. उतारावर एकाच पातळीत खणलेला सलग समतल चर ३० सेंटिमीटर खोल असेल आणि त्याच्या दोन टोकांच्या पातळीत तेवढाच फरक पडला, तर एक टोक कोरडे राहते आणि दुसऱ्या टोकावरून पाणी फुटून खाली घळ पाडते. ज्या माहितीत उंचीची चूक मीटरांमध्ये मोजली जाते, तिच्यावरून संगणकात काढलेली समोच्च रेषा जीपीएसने जमिनीवर उतरवणे म्हणजे जेसीबीच्या भाड्याची उधळपट्टी आहे. हे काम तीन काठ्या आणि ओळंब्याच्या ए-फ्रेमचे, पाण्याच्या नळीचे किंवा डंपी लेव्हलचे (पातळी मोजण्याच्या दुर्बिणीचे) आहे, आणि वरचे चारही नकाशे हाताशी असले तरी ते तिथेच राहते.

ड्रोन या बाबतीत जमिनीच्या बराच जवळ येतो. काही सेंटिमीटरची चित्रे आणि अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषा त्याच्याकडून मिळू शकतात, पण त्यासाठी जमिनीवर अचूक मोजलेले नियंत्रण बिंदू किंवा ड्रोनवरच अचूक स्थान नोंदवणारी प्रणाली लागते. दरपत्रकात त्यांचा उल्लेख नसेल, तर सुबक दिसणारा नकाशा उंचीला चुकीचा असू शकतो. शिवाय छायाचित्रांवरून काढलेली उंची गवताच्या आणि पिकाच्या माथ्याची असते. ड्रोन नियम, २०२१ नुसार सरकारी हवाई नकाशावरच्या हिरव्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही, तरी विमानतळ आणि लष्करी ठाण्यांच्या परिसरातल्या गावांनी पट्टा आधी तपासावा. एक गैरसमज बैठकांमध्ये हटकून ऐकू येतो: ‘आमच्या गावची ड्रोन मोजणी झालेली आहे.’ ती बहुधा २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतली असते आणि त्या योजनेत गावठाणाची मोजणी होते. डोंगर, गायरान आणि शेतशिवार तिच्यात नसतात.

माझ्या मते ड्रोनचा खर्च दोन ठिकाणी वसूल होतो. गाळमुक्त धरणासारख्या कामात कोरड्या तलावाची गाळ काढण्याआधी आणि काढल्यानंतर मोजणी केली, तर किती घनमीटर गाळ निघाला हे ट्रॅक्टरच्या खेपा मोजण्यापेक्षा खूप विश्वासाने सांगता येते. दुसरे ठिकाण म्हणजे घळींनी पोखरलेला ओढ्याचा काठ, जिथे गॅबियन (जाळीत दगड भरून केलेले बांध) आणि अनघड दगडी बांधांच्या जागा निश्चित करायच्या असतात. संपूर्ण शिवारावर ड्रोन उडवण्याची गरज मला क्वचितच पटली आहे.

यापुढचा प्रश्न पाणी मुरण्याचा, आणि त्याचे उत्तर वरून काढलेल्या चित्रांत थेट सापडत नाही. महाराष्ट्राचा सुमारे ८१ टक्के भूभाग बेसाल्टचा आहे. त्यात एकावर एक आडवे थर असतात. काळा पाषाण भेगा नसतील तर पाणी घेत नाही, आणि मुरूम किंवा भेगाळलेला थर ते वाट मिळेल तसे आत घेतो. फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी या संस्थेचे ‘क्लार्ट’ हे ॲप भूस्तर, भूभंगरेषा (खडकातल्या भेगांच्या रेषा), उतार आणि जमिनीचा वापर यांची सांगड घालून प्रत्येक जागेला रंग देते, आणि पुनर्भरणाला योग्य जागा कोणती व पाणी साठवण्याला योग्य कोणती हे त्यावरून कळते. ते इंटरनेटविनाही चालते, त्यामुळे शिवारफेरीत उभ्या जागी रंग पाहून चर्चा करता येते, आणि रोजगार हमीच्या कामांची यादी करताना या सोयीचे मोल मोठे आहे. परंतु त्यामागची भूस्तराची माहिती शेजारच्या दोन विहिरींमधला फरक दाखवण्याइतकी बारीक नाही.

तो फरक विहिरींच्या भिंती दाखवतात. उन्हाळ्यात वीस-पंचवीस विहिरींत मुरूम किती फुटांवर संपला, झरा कोणत्या थरातून येतो आणि पाषाण कुठे लागला याची नोंद करून ती नकाशावर चढवली, तर कोणत्याही विकतच्या नकाशापेक्षा उपयोगी ऐवज तयार होतो. विहिरीच्या काठाची उंची मात्र मोबाइलच्या जीपीएसने घेऊ नये, कारण तिथली चूक कित्येकदा थराच्या जाडीहून मोठी असते. लेव्हलनेच ती मोजावी आणि थर ओळखण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांची मदत घ्यावी.

जमिनीच्या संवर्धनाच्या बाजूने आणखी एक सावधगिरी हवी. उपग्रह चित्रांवरून केलेल्या वर्गीकरणात पठारावरचे गवताळ माळ अनेकदा ‘पडीक’ या रकान्यात जातात, आणि एकदा पडीक ठरले की तिथे चर खणून झाडे लावण्याचा प्रस्ताव आपोआप तयार होतो. प्रत्यक्षात हे माळ लांडग्याचे आणि माळढोकाचे अधिवास आहेत आणि धनगरांच्या मेंढरांची चराई त्यांच्यावर चालते. नकाशातला रंग अंतिम मानण्याआधी तिथे ऑगस्टमध्ये आणि पुन्हा जानेवारीत जाऊन कोणते गवत उभे आहे आणि कोण चारते आहे हे पाहावे.

काम झाल्यानंतरच्या मोजमापासाठी सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या चित्रांना मोफत पर्यायांत तोड नाही. त्याचा एक ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, आणि दोन उपग्रहांमुळे दर पाच दिवसांनी चित्र मिळते. तरीही २०१८ च्या टंचाईच्या वर्षाची तुलना २०१९ च्या भरपूर पावसाशी केली, तर एक चरही न खणलेले गाव हिरवेगार झालेले दिसेल. सारख्या पावसाची वर्षे निवडावीत आणि उन्हाळी हिरवाईकडे संशयाने पाहावे. तो हिरवा रंग पुष्कळदा नव्या बोअरवेलवर उभ्या असलेल्या उसाचा असतो. हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि सिंचनासाठी बोअरवेलवर बंदी घातली. जमिनीचा एखादा गट हिरवा का दिसतो याचा खुलासा अशा ताळेबंदावरूनच होतो.

निधी थोडा असेल, तर माझा कौल कोपर्निकसची उंची, क्लार्ट आणि विहिरींची नोंद या त्रयीला आहे. ड्रोनसाठी बाजूला ठेवलेल्या रकमेतून आधी पर्जन्यमापक आणि विहिरींची पातळी मोजण्याच्या टेपा घ्याव्यात. त्यानंतर पैसे उरले आणि तलाव किंवा घळीचा प्रश्न खरोखर असेल, तर ड्रोन एप्रिल-मेमध्ये उडवावा. तेव्हा रब्बी निघालेली असते, गवत वाळून बसलेले असते आणि तलावाचा तळ उघडा पडलेला असतो.