बादुआनजिन (चीगाँग) : नऊ महिने रोज करून काय फरक पडला

मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही शांघायला असतो. माझं वय ४९, बीपीची गोळी चालू, आणि लॅपटॉपपुढे बसून बसून उजवा खांदा असा धरलेला की वेणी घालायला हात मागे जायचा नाही. फुशिंग पार्कमध्ये सकाळी चालायला जायचे तिथे बायकांचा एक ग्रुप बादुआनजिन हा चिनी व्यायाम करताना दिसायचा, एक दिवस जाऊन मागच्या रांगेत उभी राहिले, कुणी काही विचारलंही नाही.

चीगाँग म्हणजे श्वासाबरोबर सावकाश हालचाली करायचा चिनी व्यायाम, त्याचे खूप प्रकार आहेत, त्यातला हा आठ हालचालींचा, चीनमधल्या सुंग राजवटीपासून (दहावं ते तेरावं शतक) चालत आलेला. आत्ता बहुतेक ठिकाणी करतात तो ठरवून दिलेला सेट २००३ चा, साधारण १२ मिनिटांत होतो.

पहिले दोन महिने खरं सांगायचं तर काहीच नाही. मी शाळेतल्या पीटीसारखे हात जोर लावून ताणायचे. मग एका आजींनी माझ्या खांद्यावर नुसती दोन बोटं ठेवली आणि म्हणाल्या "फांग सोंग, फांग सोंग", म्हणजे सैल सोड. तेव्हा कळलं की आकाश उचलल्यासारखे दोन्ही हात वर नेताना माझे खांदे पार कानापर्यंत चढलेले असायचे. त्यांचे हात वर जाताना खांदे जागचे हलत नव्हते आणि श्वास इतका सावकाश की माझे दोन व्हायचे. त्या दिवसापासून वेग निम्मा केला आणि मगच फरक पडायला लागला.

चौथ्या महिन्यात वेणी घालता यायला लागली (फिजिओही चालू होती, त्यामुळे सगळं श्रेय याला देणार नाही). पण तोल सुधारला तो मात्र यानेच, सलवार घालताना भिंत धरावी लागत नाही आता. झोपही लवकर लागते. वजन जैसे थे, बीपीची गोळीही तीच, आणि ती कुणी आपल्या मनाने बंद करू नका प्लीज. प्रत्येक हालचालीबरोबर पोट, किडनी, हृदय असं काहीतरी सुधारतं म्हणतात, शेवटच्या टाचा आपटण्याने तर शंभर आजार जातात म्हणे, ते मी धरून चालत नाही, व्यायाम म्हणून करते.

दोन गोष्टी सांभाळा. पाचव्या हालचालीत घोड्यावर बसल्यासारखं खाली बसायचं असतं, मी हट्टाने खूप खाली गेले आणि दोन आठवडे गुडघा दुखला, आता थोडंसंच वाकते. आणि सहावीत पायाकडे वाकून झटकन वर आले तर एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली, बीपीवाल्यांनी गुडघ्यापर्यंतच जावं आणि हळूच वर यावं.

दिवाळीत कोल्हापूरला आईला दाखवलं. ती ७४ ची, पडण्याचीच भीती जास्त, म्हणून तिला फक्त टाचा उचलायला शिकवलं, ओट्याला धरून आणि न आपटता. रोज सकाळी चहा उकळेपर्यंत सात वेळा करते आणि मला फोनवर सांगते, झाले बघ सात.