राखाडी, बिस्किटी की ग्रेज? मधल्या छटेची भिंत रंगवण्याआधी

पांढऱ्या भिंतींचा कंटाळा आलाय, पण भडक काही नको, असं घरात ठरलं की शेडकार्डाची करडी-मातकट पानं उघडली जातात. तिथे नावं पन्नास असली तरी खरे पर्याय तीनच: थंड राखाडी, उबदार बिस्किटी (दुकानदार त्याला बेज म्हणतो) आणि दोघांच्या मधला ग्रेज. कार्डावर तिघेही सोज्वळ दिसतात. भिंतीवर चढले की राखाडी निळसर होतो, बिस्किटी पिवळा किंवा गुलाबी पडतो आणि ग्रेज एखाद्या घरात हिरवट मारतो. तिघांपैकी कुठला घ्यायचा हे मुख्यतः घरातली फरशी आणि दिवे ठरवतात. भिंत आठवड्याभरात पुन्हा रंगवता येते, पण फरशी उखडायला कोणी जात नाही.

मधली छटा कशाला म्हणायचं, तेही आकड्यात समजून घ्यावं. भिंत किती प्रकाश परत फेकते ते सांगणारा एलआरव्ही नावाचा आकडा असतो: काळ्याला ०, पांढऱ्याला १००. ऑफ व्हाइट साधारण ७५ च्या वर असतात, तर आपल्या कामाच्या मधल्या छटा ४० ते ६० मध्ये येतात. एलआरव्ही ५० ची भिंत तिच्यावर पडलेला निम्मा प्रकाश गिळते. छताजवळ एकच ट्यूब असलेल्या खोलीत हा फरक पहिल्याच रात्री जाणवतो. दुपारीही दिवा लावावा लागणाऱ्या खोलीत ५५ च्या खाली जाऊ नये, आणि गेलात तर दुसऱ्या दिव्याचा पॉइंट रंगाच्या आधी काढून घ्यावा.

फरशी काय म्हणते

खिडकीतून आलेलं ऊन आधी फरशीवर पडतं आणि तिथून फरशीचा रंग घेऊन भिंतीवर जातं. भिंतीचे खालचे दोन-तीन फूट तर फरशीच्याच रंगात न्हालेले असतात.

फ्लॅटमध्ये सर्रास असते ती २ बाय २ फुटांची आयव्हरी व्हिट्रिफाइड टाइल. तिच्यावर कोरा ए-४ कागद ठेवा. कागदाशेजारी टाइल पिवळट दिसते की गुलाबीसर, ते लगेच कळतं. पिवळट टाइलवर थंड राखाडी लावला तर दोघंही एकमेकांना बिघडवतात: टाइल जुनाट, मळकी दिसते आणि भिंत सिमेंटसारखी. याच टाइलवर बिस्किटी चालतो, पण खोली वरपासून खालपर्यंत एकाच सुरात जाते, आणि क्रीम पडदे असतील तर काहीच उठून दिसत नाही. इथे किंचित हिरव्या झाकेचा ग्रेज सर्वांत चांगला बसतो. टाइल गुलाबीसर असेल तर मात्र हिरवी झाक टाळून बिस्किटीकडे झुकणारा ग्रेज घ्यावा.

कोटा दगडाची फरशी मुळातच हिरवट-करडी. त्यावर राखाडी भिंत म्हणजे पावसाळ्यात सगळी खोली ढगाळ. कोट्यावर बिस्किटी खुलतो, यात आम्हाला शंका नाही. कोकणात आणि गोव्यात जुन्या घरांत लाल कोबा असतो. त्याचा तांबडा प्रकाश बिस्किटी भिंतीवर पडला की ती थेट पीच दिसू लागते. तिथे हिरव्या झाकेचा ग्रेज तो तांबडेपणा शोषून घेतो. आणि पांढरा संगमरवर किंवा पांढऱ्या टाइल असतील तर राखाडीला पहिल्यांदा खरा वाव मिळतो.

दिवे

एलईडीच्या खोक्यावर प्रकाशाची छटा सांगणारा केल्विनचा आकडा असतो. ६५०० म्हणजे कूल डेलाइट, ४००० मधला, २७०० ते ३००० वॉर्म. आपल्याकडे बहुतेक घरांत ६५०० ची ट्यूब असते, आणि राखाडीला ती मुळीच मानवत नाही: संध्याकाळी सातनंतर दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. बिस्किटीचं दोन्हीकडून बिनसतं. ६५०० च्या दिव्याखाली तो फिका, निर्जीव होतो आणि ३००० च्या दिव्याखाली पिवळाधमक. ४००० चा दिवा तिघांनाही सोसतो, त्यामुळे रंग बदलताना ट्यूबही बदलण्याचा खर्च धरावा. ग्रेज तीनही दिव्यांखाली थोडाथोडा बदलतो, पण कुठेच बिनसत नाही. फॉल्स सीलिंगमध्ये पिवळी पट्टी आणि भिंतीवर पांढरी ट्यूब, अशी सरमिसळ असलेल्या हॉलसाठी दुसरा पर्याय शोधू नये.

दिवसाचा प्रकाश खिडकीच्या दिशेवर ठरतो. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो. तिथे राखाडी टाळावा, बिस्किटी घ्यावा. पश्चिमेच्या खोलीत दुपारनंतर सोनेरी ऊन भरतं. त्या उन्हात बिस्किटी अंगावर येतो, तर राखाडी निवांत वाटतो. पांढरी फरशी, पश्चिमेची खिडकी आणि ४००० चे दिवे हे तिन्ही जुळत असेल तरच राखाडी घ्या, एवढं आम्ही ठामपणे सांगू.

झाक ओळखायची कशी

शेडकार्डाच्या पट्टीवर फिक्यापासून गडदापर्यंत एकाच कुळातल्या छटा असतात. तुम्हाला हवी ती मधली असली तरी नजर सर्वांत गडद खान्यावर टाका. फिक्या खान्यात लपलेला जांभळा, हिरवा किंवा गुलाबी तिथे उघडा पडतो. भिंतीवरही झाक वाढते, कारण समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग फेकत राहतात.

दोन नमुने निवडून प्रत्येकाचा २ बाय २ फुटांचा हार्डबोर्ड रंगवा, प्रायमर आणि दोन हात. जुन्या रंगावरच चौकोन मारला तर आजूबाजूचा रंग नजरेला फसवतो. ओला इमल्शन (पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग) वाळल्यावर बहुधा गडद होतो, म्हणून निकाल दुसऱ्या दिवशी. बोर्ड उभा करून, खालची कड फरशीला टेकवून बघा: खिडकीसमोरच्या भिंतीवर आणि ज्या भिंतीत खिडकी आहे तिच्यावरही. सकाळी, दुपारी, दिवेलागणीला आणि रात्री घरच्याच ट्यूबखाली. खिडकीच्या भिंतीवर रंग हमखास एक पायरी गडद दिसतो, आणि बरेच जण नेमकं तिथेच बघायचं विसरतात.

मळ, ओल आणि पुट्टी

मधल्या छटा मळखाऊ समजल्या जातात. हाताचे डाग, स्विचबोर्डभोवतीचा काळेपणा याबाबत ते खरं आहे, बिस्किटी आणि ग्रेज यात राखाडीपेक्षा सरस. पण ओल आली की हिशेब फिरतो. भिंतीतून बाहेर येणारा खार पांढरा असतो. पांढऱ्या भिंतीवर तो दडतो, मधल्या छटेवर पिठासारखा उठून दिसतो. बाहेरून पाऊस झोडपतो त्या भिंतीची गळती आधी थांबवा, भिंत पूर्ण वाळू द्या, मगच रंगाचं बोला.

पुट्टीतले चढउतारही पांढऱ्यापेक्षा इथे जास्त दिसतात. पुट्टी घासून झाली की खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. प्रत्येक लाट, पात्याची प्रत्येक रेघ सावली टाकते. तिथे पेन्सिलने खूण करून तेवढं पुन्हा भरून घासून घ्या, त्यावर प्रायमर. इतकं करूनही भिंत वाकडीच राहिली तर मॅट फिनिश घ्या, चकाकी कमी ठेवा. मॅटची खोट अशी की सोफ्याची पाठ घासते तिथे चकचकीत पट्टा पडतो. लहान मुलांच्या घरात भिंत नीट असेल तर धुता येईल असा, हलक्या चकाकीचा सॉफ्ट शीन बरा.

रंग किती, आणि कुठे बिघडतं

१० बाय १२ ची खोली, उंची साडेनऊ फूट: भिंती ४१८ चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता साधारण ३७५. चांगला इमल्शन दोन हातांत लिटरमागे १२० च्या आसपास जातो, म्हणजे जेमतेम सव्वातीन लिटर. ४ लिटरचा डबा एकदाच घ्या. मागाहून मिसळून आणलेला लिटर तंतोतंत जुळेलच असं नाही, आणि मधल्या छटेत तो फरक पांढऱ्यासारखा झाकला जात नाही. एकाहून जास्त डबे लागत असतील तर सगळे मोठ्या बादलीत एकत्र करून मगच रोलर बुडवायचा.

काम करताना दोन गोष्टींवर लक्ष असू द्या. पहिली, पाणी: डब्यावर लिहिलंय त्याहून जास्त घातलं की रंग ढगाळ, चट्ट्याचट्ट्यांचा येतो आणि तिसरा हात लागतो. दुसरी, कडा. छताच्या आणि कोपऱ्याच्या कडा ब्रशने मारून वाळू दिल्या आणि रोलर दुसऱ्या दिवशी फिरवला, तर भिंतीभोवती फोटोच्या चौकटीसारखा गडद पट्टा राहतो. एक भिंत घ्या, कड मारा, ती ओली असतानाच रोलर चालवा, आणि ती भिंत जेवणाच्या सुट्टीआधी संपवा.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा. बरणीवर शेडचा कोड, बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळून छटा बनवली तो मूळ रंग), फिनिश आणि तारीख लिहा. खिळ्याचं भोक बुजवल्यावर डाग मारायची वेळ आली तर पूर्ण भिंत किंवा निदान कोपऱ्यापर्यंतचा भाग रंगवा. मधल्या छटेवर नुसता ठिपका मारला तर तो शेवटपर्यंत दिसतो.